राहतं घर आणि पाहायचं घर



पत्रिकेत आजचा विषय 'वारसा आणि त्याचं जतन' असा छापला आहे. शब्द मोठे आहेत. ते एका छोट्या गावावर तपासून पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड राज्यात, न्यूपोर्ट नावाचं जुनं बंदर आहे. तिथे जुनी घरं जपणाऱ्या दोन ना-नफा संस्था काम करतात. दोघींची वाट वेगळी आहे, म्हणून हे उदाहरण घेतलं.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करू. 'वास्तू' हा शब्द 'वस्' धातूपासून आला. वस् म्हणजे राहणे. तेव्हा वास्तू जपायची म्हणजे लाकूड, विटा, चुना जपायचा, की त्यातलं राहणं जपायचं?

पहिली संस्था १९४५ साली निघाली, ती हंटर हाउस हे अठराव्या शतकातलं घर वाचवण्यासाठी. पुढे तिच्याकडे 'द ब्रेकर्स' आला. १८९५ साली पूर्ण झालेला, ७० खोल्यांचा हा वँडरबिल्ट कुटुंबाचा उन्हाळी बंगला. बंगला कसला, राजवाडाच! १९४८ मध्ये तो वर्षाला एक डॉलर भाड्याने मिळाला आणि १९७२ मध्ये संस्थेने तो विकत घेतला. आज तिकीट काढून लोक तो पाहतात. दोरीच्या अलीकडून पलंग दिसतो, त्यावर कोणी झोपत नाही. या मार्गाला मी नावं ठेवणार नाही. एवढं धूड दुसऱ्या कशाने टिकलं असतं? पण मग आपण वस्तुसंग्रहालय चालवतो आहोत, असं सरळ म्हणावं.

दुसरी संस्था, न्यूपोर्ट रेस्टोरेशन फाउंडेशन, १९६८ साली डोरिस ड्यूक या धनाढ्य बाईंनी काढली. बापाची तंबाखूची अफाट मिळकत त्यांच्याकडे आली होती. वसाहतकाळातली साधी लाकडी घरं मोडकळीला आलेली. बाईंनी ती एकामागून एक घेतली आणि ऐंशीहून अधिक इमारती दुरुस्त केल्या. त्यांतली बरीचशी घरं भाड्याने दिली. आजही तिथे माणसं राहतात, स्वयंपाक करतात. संस्थेचे स्वतःचे सुतार आणि रंगारी घरांची निगा ठेवतात. संध्याकाळी दिवे लागतात, ते राहणाऱ्यांचे. 'वस्' धातूच्या कसोटीवर ही वाट मला अधिक खरी वाटते.

पण म्हणून ती निर्दोष ठरत नाही. 'मिलिंदप्रश्ना'तला रथ तुम्हाला आठवत असेल. नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? शेवटी कळतं की या सगळ्यांच्या आधाराने चालणारं 'रथ' हे एक व्यवहारातलं नाव आहे. न्यूपोर्टमध्ये कुजलेली लाकडं बदलली, काही घरं तर मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे नेली. नागसेनाची याला हरकत नसती. घर तेच, असं आपण म्हणू शकतो. माझी अडचण वेगळी आहे. सगळंच नावावर चालत असेल, तर नाव देण्याचा अधिकार कोणाचा?

याच संस्थेने १९७०च्या दशकात ट्रिनिटी चर्चसमोरच्या इमारती हलवून तिथे क्वीन ॲन स्क्वेअर नावाची हिरवळ केली. दृश्य सुंदर आहे, पण जुन्या न्यूपोर्टमध्ये असं दृश्य नव्हतंच! तिथे दाटीवाटीची वस्ती होती. म्हणजे जतनाच्या नावाखाली नवा भूतकाळ बांधला गेला. याला आपल्याकडचा 'जीर्णोद्धार' हा शब्दही लागू पडत नाही, कारण उद्धार करायला मुळात काहीतरी जीर्ण असावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. घरं ओळखली जातात ती बहुधा जुन्या मालकांच्या नावाने. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापारात ऱ्होड आयलंडची जहाजं आघाडीवर होती आणि न्यूपोर्ट हे त्या व्यापाराचं मोठं बंदर. या घरांमधून गुलाम केलेली आफ्रिकी माणसंही राहत होती. चूल पेटवणारा तोही त्या घराचा रहिवासीच ना? त्यांची जुनी दफनभूमी, 'गॉड्स लिटल एकर', गावात आजही आहे. थडग्यावर नाव आहे आणि दारावर नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

आता प्रश्न समुद्राने विचारला आहे. 'द पॉइंट' ही जुनी वस्ती अगदी पाण्यालगत, सखल भागात आहे. तिथलं ७४, ब्रिज स्ट्रीट हे घर साधारण १७२८ सालचं. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पुराचं पाणी तळघरात येतं. फाउंडेशनने २०१६ मध्ये याच संकटावर परिषद भरवली आणि हे घर अभ्यासासाठी समोर ठेवलं. एक उपाय म्हणजे अख्खं घर उचलून उंच जोत्यावर बसवायचं. पण ही घरं रस्त्याला खेटून आहेत. दार सहा फूट वर गेलं की येणाऱ्या-जाणाऱ्याशी उंबऱ्यावरून बोलणं संपलं. रांगेचं रूप बिघडेल, असं वास्तुतज्ज्ञ म्हणतात आणि ते बरोबर आहे.

तरीही मी म्हणेन, उचला. जे घर राहण्यासाठी जपलं, त्याच्या जोत्याची उंची राहणाऱ्याच्या गरजेने ठरावी. रूप बिघडू नये म्हणून घर बुडू दिलं, तर आपण चित्र जपत होतो, हे कबूल करावं लागेल. मात्र हाच न्याय शेवटपर्यंत लावला पाहिजे. भाडं कोणाला परवडतं? पूर्वी इथून कोण उठलं? पाट्यांवर कोणाची नावं येणार? ज्या संस्थेने 'राहणं' हे मूल्य मानलं, तिला हे प्रश्न टाळता येणार नाहीत. संग्रहालयाला एक वेळ टाळता येतील.

म्हणून कुठल्याही जतनसंस्थेचं काम पाहताना किती इमारती वाचवल्या हा आकडा जरूर विचारा. पण त्याच्या पाठोपाठ, तिथे आज कोण राहतं आणि आधी कोण राहत होतं, हेही विचारा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.