संगणक नवे, देखभाल कोणाची?
विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. पण यापुढे सापडणाऱ्या त्रुटी नियमित दुरुस्त्यांतून बुजवल्या जाणार नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, म्हणून धडधाकट जुने संगणकही अपात्र ठरतात. ते भंगारात काढून नवे घेणे म्हणजेच आधुनिकीकरण, हे मला पटत नाही. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली चालते. अडचण सांभाळणाऱ्या माणसाची आहे. सेलूच्या महाविद्यालयाला दुरुस्तीसाठी परभणीच्या कारागिराची वाट पाहावी लागली, तर नवा संगणकही झाकूनच राहील. म्हणून शिक्षकांनी माहितीची प्रत काढून ठेवावी आणि निदान एका जुन्या यंत्रावर विद्यार्थ्यांकडूनच लिनक्स बसवून घ्यावी.