तुटवडा कोणत्या भावाला?

रत्नागिरीत बारावीच्या मुलांशी बोलायला उभे राहिले की एक प्रश्न ठरलेला असतो : 'सर, डिमांड कशाला आहे?' शिक्षकही तेच विचारतात आणि वर्तमानपत्रातला एखादा आकडा पुढे करतात. अशा आकड्यांपैकी बराच गाजलेला आकडा २००५ सालच्या एका अहवालातला आहे. संगणक कंपन्यांची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी मॅकिन्झी यांनी तो काढला. परदेशांची कामे करणाऱ्या आपल्या संगणक व सेवा उद्योगाला २०१० पर्यंत सुमारे पाच लाख कुशल माणसे कमी पडतील, असे त्यात म्हटले होते.

हे विधान अपुरे आहे. वायूचे आकारमान लिहिताना तापमान आणि दाब दिला नाही, तर आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो. तसाच तुटवडा सांगताना पगारही सांगायला हवा. देऊ केलेल्या पगारात माणसे मिळत नाहीत, यालाही तुटवडाच म्हणतात! माल खरोखर दुर्मिळ असेल तर भाव चढतो. पण २०१० नंतरच्या दशकात मोठ्या संगणक कंपन्यांतील नवोदिताचा पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला. शिवाय हा अंदाज गिऱ्हाइकाच्या बाजूचा होता, हेही विसरू नये.

दुसरी अडचण वेळेची. आंब्याचे कलम लावल्यावर नीट उत्पन्न यायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर भाव तोच राहील याची खात्री कोण देणार? अभियंता तयार व्हायला चार वर्षे लागतात. रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील अभियंत्यांबाबत १९७६ मध्ये हेच चक्र मांडले : पगार चढले की प्रवेश वाढतात, काही वर्षांनी गर्दी होते, पगार उतरतात आणि प्रवेश घटतात. आपल्याकडे २००५ मध्ये प्रवेश घेतलेला मुलगा २००९ मध्ये बाहेर पडला, तो नेमका जागतिक मंदीत. पुढे जागा इतक्या रिकाम्या राहू लागल्या, की अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देणे जवळजवळ थांबवले. २०२३ मध्ये ती बंदी उठली.

अहवालावर अन्याय मात्र नको. तंत्रपदवीधरांपैकी जेमतेम चौथा हिस्साच या कामाला लायक आहे, हेही त्यात होते. म्हणजे उणीव शिकवण्यात होती. पण महाविद्यालये काढणाऱ्यांनी पहिला आकडा उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला. माझ्या मते अहवालातला मोलाचा भाग हाच होता.

आपल्या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खोदताना कोकण रेल्वेला कुशल माणसे हवी होती. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण झाला आणि ते काम संपले. दाभोळ वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी केवळ तिथल्या नोकरीकडे पाहून एखाद्याने शाखा निवडली असती, तर त्याचे निम्मे शिक्षण होते न होते तोच, २००१ मध्ये, प्रकल्प बंद पडला. पदवी २००३ मध्ये हाती आली असती. प्रकल्प नव्या कंपनीकडून पुन्हा चालू व्हायला २००६ उजाडले.