संध्याकाळ ओळखणारा दिवा

कागदावर नऊच चिन्हं आहेत: एक पॅनल, एक डायोड, तीन सेल, एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि एक एलईडी. बटण कुठेच नाही. पॅनल सोडला तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला सगळा ऐवज शर्टाच्या खिशात मावतो. घरगुती सौर दिव्याचं हे सर्किट मी कितीदा तरी जोडलं. ते वाचता यायला मात्र फार वर्षं गेली.

सुरुवात साधी आहे. सिलिकनची एक चकती उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट देते, म्हणून अकरा चकत्यांची माळ, साडेपाच व्होल्ट. सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. तीन मिळून ३.६, पण चार्ज होताना ते सव्वाचारच्याही वर चढतात, आणि पॅनलला त्यांच्या वर राहावंच लागतं. पॅनल १०० मिलिअँपिअरचा, सेल १००० मिलिअँपिअर-तासांचे. हे एकास दहाचं प्रमाण मुद्दाम राखलेलं आहे. एवढ्या हळू भरणारा सेल भरून वाहिला तरी पटकन बिघडत नाही, त्यामुळे चार्जिंग तोडणारं वेगळं यंत्र लागत नाही.

खरी जागा पुढे आहे. पॅनल आणि सेल यांच्यामध्ये डायोड बसवलाय. त्याचं पाठ्यपुस्तकी काम म्हणजे रात्री सेलमधली वीज उलटी पॅनलमध्ये जाऊ न देणं. या चौकीदारीचा पगार म्हणून तो दिवसभर ०.३ व्होल्ट खातो. मला तो निव्वळ तोटा वाटायचा. एकदा काटकसरीच्या भरात मी डायोड काढला आणि सरळ तार जोडली. रात्र झाली, दिवा लागेचना. सेल भरलेले, एलईडी धडधाकट!

उत्तर चित्रातच होतं. ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा. त्याचा एमिटर हा पाय डायोडच्या पलीकडे, सेलच्या धन टोकाला. बेस हा पाय अलीकडे, पॅनलच्या धन टोकाला. बेस एमिटरपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टने खाली उतरला तरच हा ट्रान्झिस्टर एलईडीकडची वाट मोकळी करतो. दिवसा डायोड जे ०.३ व्होल्ट खातो, तेवढ्यानेच बेस एमिटरच्या वर राहतो आणि दिवा गप्प बसतो. मी तार जोडली तेव्हा बेस आणि एमिटर एकच झाले. मग कोणी कोणाच्या खाली उतरायचं? ज्याला मी तोटा म्हणत होतो, तीच या सर्किटची दिवस आणि रात्र यांतला फरक ओळखण्याची खूण होती. एका भागाकडून न बोलता दोन कामं करून घेणाऱ्या त्या अनाम रचनाकाराला मी तेव्हा मनोमन दाद दिली.

बेसपासून ऋण तारेकडे गेलेला ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर सतत बेसला खाली ओढत असतो. पॅनल उजेडाच्या जोरावर बेसला वर धरून ठेवतो. ऊन कलतं, पॅनलची पकड सुटते, बेस खाली येतो, दिवा लागतो. रेझिस्टर मोठा घेतला तर ओढ कमी पडते आणि दिवा उशिरा लागतो. म्हणजे संध्याकाळ किती वाजता झाली म्हणायचं, हे काही पैशांची ती रंगीत पट्ट्यांची कांडी ठरवते.

पांढऱ्या एलईडीविषयी थोडक्यात. तो मुळात निळा; वरच्या पिवळ्या लेपामुळे पांढरा दिसतो. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. इथे त्याचा एक हट्ट उपयोगी पडतो: साधारण तीन व्होल्टच्या खाली तो जवळपास पेटतच नाही. त्यामुळे सेल एकेक व्होल्टपर्यंत उतरले की दिवा आपोआप मालवत जातो आणि सेल तळापर्यंत खरवडले जात नाहीत. दुसरा, २२ ओहमचा रेझिस्टर प्रवाह वीसेक मिलिअँपिअरच्या आसपास ठेवतो, एवढंच.

एक खोड मात्र आहे. एलईडी पॅनलच्या अगदी तोंडासमोर धरला तर त्याचा उजेड पॅनलवर पडतो, बेस वर सरकतो आणि दिवा मंदावतो. स्वतःच्याच प्रकाशाने त्याला उजाडल्यासारखं वाटतं. घरी आलेल्या मुलांना मी आधी हेच दाखवतो, सर्किट नंतर.