कॅल्शियम हायड्रॉक्साइड : दोन कसोट्या

मूलनलिकोपचारात दोन भेटींच्या दरम्यान नलिकेत ठेवावयाचे जंतुनाशक म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची जी ख्याती आहे, तिची चिकित्सा होणे अवश्य आहे. हेर्मान यांनी १९२० साली या औषधाचा पुरस्कार केला. १९८५ साली ब्युस्ट्रॉम, क्लासॉन व सुंडक्विस्ट यांच्या परीक्षणात रुग्णांच्या दातांत ते कापूरयुक्त फिनॉलहून सरस ठरले. उलट १९८७ साली हापासालो व अर्स्टाविक यांनी गुरांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात, डेंटिनच्या सूक्ष्मनलिकांत दडलेला एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू त्यास दाद देईना.

या निष्कर्षांतील विरोध वरवरचा आहे. पहिल्या परीक्षणातील नमुने नलिकेच्या पोकळीतून घेतलेले होते, दुसऱ्यातील डेंटिनमधून; शिवाय दुसऱ्यात चिवट असा एकच जंतू निवडला होता. औषधाचे सारे सामर्थ्य त्याच्या तीव्र अल्कतेत आहे आणि डेंटिन ती अल्कता सौम्य करते. तात्पर्य, पोकळीतील नमुन्यात जंतू न आढळणे म्हणजे दात निर्जंतुक होणे नव्हे. म्हणून प्रबंधात ‘निर्जंतुक’ हा शब्द योजताना नमुना कोठून घेतला हे सांगितलेच पाहिजे. एरव्ही औषधावर भिस्त ठेवून नलिकेच्या घासणीत व सोडियम हायपोक्लोराइटच्या धावनात हयगय होईल, आणि तिचे फळ रुग्णास भोगावे लागेल.