विकतची खरखर

जुन्या टेपयंत्रातून 'स्स्स' असा एक आवाज यायचा. गाणं थांबलं रे थांबलं की तो पुढे. लग्नात बँड थांबल्यावर रुसलेल्या आत्याबाई ऐकू याव्यात तसा. तो घालवण्यात इंजिनिअर मंडळींची हयात गेली. त्यांतलाच एक रे डॉल्बी. १९६३ ते १९६५ हे गृहस्थ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनला कंपनी काढली आणि स्टुडिओतल्या टेपची खरखर दाबणारं यंत्र तयार केलं. जगानं धन्यवाद दिले.

आणि आमचा पुतण्या! शहापुरात, नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या ट्रकांना न जुमानता, त्यानं मागच्या खोलीत गाद्या टांगून स्टुडिओ केलाय. गावातली भजनं कॉम्प्युटरवर घेतो. परवा म्हणाला, "काका, याच्यात जुन्या टेपचा आवाज टाकता येते!" १९६७ साली बीटल्सचं 'सार्जंट पेपर' ज्या चार ट्रॅकच्या स्टूडर यंत्रावर झालं, त्याची नक्कल त्यानं विकत घेतली होती. खरखरीला वेगळं बटण.

"पैसे देऊन?"

"वॉर्म वाटते ना, काका."

भंडाऱ्याच्या मे महिन्यात ऊब विकत घेणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

पण नक्कल उत्तम आहे, हे कबूल केलं पाहिजे. जोरकस आवाज आला की खरी टेप त्याला आपणहून थोडा दाबते, त्याचे कोपरे घासते. इथंही टाळांचा कर्कशपणा गेला, तबला गोलसर झाला. फसलं ते भजन. पेटी सोमवारी घेतलेली, टाळ बुधवारी, आणि बुवा धानाच्या रोवणीतून मोकळे होतील तेव्हा!

टेप सेकंदाला १५ इंच पळायची. २४०० फुटांचं रीळ ३२ मिनिटांत खलास. कापाकापी होती, पण ती ब्लेडनं तिरकी कापून चिकटपट्टी लावायची. म्हणून पुष्कळदा सगळे एकाच खोलीत बसत, एकदमच वाजवत. एक चुकला की सगळ्यांची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि चुकणाऱ्याकडे चौदा जणांचे डोळे. त्या धाकानं माणसं एकमेकांचं ऐकत. बुवांनी श्वास लांबवला तर तबलजी थांबे, पेटीवाला मान डोलवून एखादी जागा सोडून देई.

बुधवारच्या टाळकऱ्यानं सोमवारच्या पेटीवाल्याची मान कुठून पाहायची?