नम्रता कुणाची, गर्व कुणाचा?

ख्रिस्ती धर्मविचारात गर्व हे सर्व पापांचे मूळ मानले गेले आहे. पाचव्या शतकातील ऑगस्टीनने ही मांडणी पक्की केली आणि मिशनऱ्यांबरोबर ती मराठीत उतरली. माणूस स्वतःला देवाच्या जागी बसवतो हे पहिले पाप. म्हणून मीपण टाकणे, वाकणे, दुसऱ्याचे पाय धुणे हा उद्धाराचा मार्ग. या विचाराची थोरवी मी नाकारत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या समाजात काहींना जन्मतःच ताठ उभे राहण्याची मुभा आणि काहींना जन्मतःच वाकण्याची सक्ती होती, त्या समाजात हा उपदेश सर्वांना सारखाच लागू पडतो काय? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. हा प्रश्न मात्र त्याला क्वचितच विचारला गेला.

या विषयावर मराठीत जो अस्सल ग्रंथ आहे तो लक्ष्मीबाई टिळकांचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या कोटीतले होते. बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्याखेरीज चालत नसे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यापुढे पाच वर्षे लागली. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. मग जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाने घेतले आणि ती चूल विझली.

या पुस्तकाचे मोठेपण असे की त्यात गर्वाला पत्ता आहे. तो काळजात कुठेतरी दडलेला गूढ विकार नाही. तो घागरीत आहे, ताटात आहे, ओलेत्यात आहे. आणि बाई त्याच्यावर प्रवचन करीत नाहीत, त्याला हसतात. वडिलांना हसतात, नवऱ्याच्या रागाला आणि उधळ्या औदार्याला हसतात, सर्वांत जास्त स्वतःला हसतात. पश्चात्तापाचे डझनभर ग्रंथ एका बाजूला ठेवले तरी हे हसू भारी पडेल. ब्राह्मण्याचा इतका निर्मळ पंचनामा आतल्या माणसाने क्वचितच केला असेल.

पण वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या प्रवासाची दिशा वरून खाली अशी आहे. लक्ष्मीबाई ज्यांच्याकडे उतरल्या ती नगर जिल्ह्यातली महार-मांग मुले त्यांच्या मायेचा विषय होतात. त्यांचा स्वतःचा प्रवास पुस्तकात येत नाही. त्या मुलांनी ख्रिस्ती होताना काय टाकले? टाकायला त्यांच्यापाशी होते काय? टिळकांचेही तेच. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी झाले, ‘देवाचा दरबार’ मांडला. हा त्याग खरा होता. पण पगार, विद्वत्ता, कवी म्हणून नाव, कुळ हे सारे हातात असलेला माणूसच ते खाली ठेवू शकतो. ज्याच्या हाती झाडू आणि काठी याखेरीज काही दिलेच गेले नाही, त्याने काय खाली ठेवावे?

ही अडचण वारकरी परंपरेतही आहे, आणि टिळकांनी अभंग घेतला तेव्हा तीही बरोबर घेतली. तुकोबांचे लहानपण आणि चोखोबांचे लहानपण एका नाण्याचे नव्हे. तुकोबांनी ते मागून घेतले. चोखोबांच्या ते कपाळी मारले गेले. जोहार करणे ही चोखोबांची साधना नव्हती, तो गावगाड्याचा नियम होता.

मराठी भाषेने हा भेद आपल्याआधी ओळखला आहे. पाटलाच्या पोराने मान ताठ ठेवली तर तो ‘बाणेदारपणा’. महाराच्या पोराने धुतलेला सदरा घातला तर तो ‘माज’. अहंकार, गर्व हे शब्द पोथीतले. माज हा शब्द वेशीवरचा. तेव्हा प्रवचनकार ‘गर्व सोडा’ म्हणतो त्या वेळी ऐकणाऱ्याच्या कानी कोणता शब्द पडतो, हे समीक्षकाने तपासले पाहिजे.

हा आरोप नेहमी वरच्याने खालच्यावर केलेला असतो, याचा पुरावा पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आला. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने धर्मगुरूंचे म्हणणे आपल्या बुद्धीला पटल्याखेरीज मानायचे नाकारले. तिने इंग्रज मुलग्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकती घेतल्या, आणि तिला धर्ममाता म्हणून लाभलेल्या सिस्टर जेराल्डीनला तिच्यात हट्ट आणि गर्व दिसू लागला. शूद्रातिशूद्रांच्या तुलनेत रमाबाई उच्चवर्णीय खऱ्या. पण गोऱ्या चर्चपुढे त्या नेटिव्ह बाई होत्या, आणि तेवढे पुरेसे होते.

बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांवर लिहिलेले निबंध त्यांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापले गेले. त्यांतला एक मुद्दा इथे नेमका लागू पडतो. हिंदू असताना अस्पृश्याला त्याची अवनती पूर्वकर्माने झाली असे सांगत. ख्रिस्ती झाल्यावर ती आदिपुरुषाच्या पापाने झाली असे सांगू लागले. दोन्हींकडे व्यवस्था सुटली, माणूस अडकला. नम्रतेचा उपदेश याच जागी घातक ठरतो.

सुरगाण्यात मी मराठी शिकवतो. माझे घर बौद्ध, आणि पदवीपर्यंत पोचलेला घरातला पहिला मीच. पाड्यांवरच्या प्रार्थनासभांना मी पाहुणा म्हणून बसतो. ऐकणारे बहुतेक कोकणा. ते अस्पृश्य नव्हेत. पण फॉरेस्टच्या साहेबापुढे, सावकारापुढे वाकण्याची सवय त्यांच्याही पाठीला आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून मजूर परतल्यावर झालेल्या एका सभेत पाळकाने गर्वावर तासभर सांगितले. प्रार्थना संपल्यावर एका बाईने विचारले, “दादा, मुकादमानं आठवड्याचे पैसे कापले. ते मागायला गेले तर तो गर्व का?” पाळक म्हणाले, “ताई, प्रार्थना कर, देव त्याचं मन पालटेल.” त्यांच्या मनात कपट नव्हते; ते स्वतःही मजुराचेच पोर. त्यांना जे धर्मशास्त्र शिकवले गेले, त्यात या प्रश्नाला कप्पाच नव्हता.

तो कप्पा जगात इतरत्र शोधला गेला आहे. १९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने दाखवले की गर्व हे मूळ पाप, ही पुरुषांच्या अनुभवावरची मांडणी आहे. स्त्रीचा धोका उलटा आहे, स्वतःला पुसून टाकण्याचा. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जी मांडणी सुरू केली, तिच्यातून दलित ख्रिस्ती धर्मविचार उभा राहिला. निर्मल यांचा देव सेवक आहे, धोबी आहे, भंगी आहे. ही प्रतिमा मला हलवते, पण पुरती पटत नाही. देव झाडू घेतो म्हटल्याने झाडूला मान मिळतो. झाडू मात्र त्याच हातात राहतो. पाय धुण्याच्या प्रसंगात पाय धुणारा गुरू आहे, आणि ते काम त्या काळी गुलामाचे होते. गुलामाला त्या प्रसंगात कुणी वाकायला सांगितलेले नाही. मराठी प्रवचनांतून हा अर्धा भाग गळतो.

माझ्या मते या प्रश्नाचे खरे वाङ्मय छापील ग्रंथांत नाही, ते ‘साक्षीं’त आहे. प्रार्थनासभेत उठून माणूस आपली कहाणी सांगतो, ती साक्ष. तिचा साचा ठरलेला असतो: दारू, आजार, भगतावर झालेला खर्च, मग प्रार्थना. साहित्य म्हणून हा साचा कंटाळवाणा होतो, हेही सांगितले पाहिजे. पण त्या साच्यात गर्व सोडल्याची भाषा मला फारशी ऐकू आली नाही. वक्ता पाळकाचे शब्द वापरू लागतो, आणि मध्येच ते सुटून त्याचे स्वतःचे वाक्य येते: मी माणसात आलो. बायका म्हणतात, मी बोलायला लागले. म्हणजे वेदीवरून खाली उतरण्याचा उपदेश चालू आहे, आणि ऐकणारे वर चढत आहेत.

१९९८ च्या नाताळात शेजारच्या डांग जिल्ह्यात चर्चे आणि प्रार्थनाघरे जाळली-मोडली गेली, तेव्हा आदिवासींना फसवून बाटवले असा गवगवा झाला. बाटवणे म्हणा की तारणे म्हणा, दोन्ही शब्दांत आदिवासी कर्म आहे, कर्ता कुणी दुसराच. साक्षींत तो कर्ता आहे. म्हणून त्या उतरवून घ्याव्यात, कोकणी बोलीत जशाच्या तशा, पाळकाची आणि प्राध्यापकाची दुरुस्ती न करता. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी वहीत सुरुवात केली आहे. त्या मजूर बाईची साक्ष अजून मिळालेली नाही. मुकादमाकडून पैसे वसूल झाल्यावर सांगेन, असे तिने मुलींना कळवले आहे.