रोपांची संख्या आणि रानातील प्रकाश : वृक्षलागवडीच्या मोजमापाची चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने २०१७, २०१८ व २०१९ या वर्षांसाठी अनुक्रमे ४, १३ व ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. या मोहिमेने वृक्षारोपणाला लोकचळवळीचे रूप दिले, हे मान्य करावे लागेल. तथापि लावलेल्या रोपांची संख्या हे वनवृद्धीचे परिमाण मानता येईल काय, हा प्रश्न उरतो. भुदरगड तालुक्यातील जंगलाच्या संदर्भात त्याचा विचार उद्बोधक ठरतो.

प्रकाश :
गारगोटीच्या नैर्ऋत्येस पाटगाव परिसरातील रानात अंजनी, जांभूळ यांसारख्या वृक्षांच्या दाट छताखाली प्रकाशाचा अल्प अंशच पोहोचतो. पाने त्यातील तांबडा भाग शोषून घेतात. या बदललेल्या प्रकाशावरून रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते. प्रकाशप्रिय रोप मग उंच धावते. खोड मात्र बारीक राहते आणि मुळांच्या वाट्याला कमी अन्न येते. म्हणजे केवळ उंची हे सुदृढतेचे लक्षण नव्हे. याउलट जांभळासारखे छायासहिष्णू रोप संथ वाढत थांबते आणि एखादा जुना वृक्ष कोसळून उजेड येताच झेप घेते. चांदाडा मात्र अशा मोकळ्या जागीच फोफावतो. हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांतही हा भेद दिसतो. चीड बालपणापासून ऊन मागतो, तर फरची रोपे सावलीत दीर्घकाळ तग धरतात.

दाटी :
जपानी संशोधक योदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले की, दाट वाढणाऱ्या वनस्पतींचे सरासरी वजन वाढते तशी त्यांची संख्या घटते. अलीकडे लोकप्रिय झालेल्या मियावाकी पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. त्यांतील अनेक स्पर्धेत नष्ट होणार, हे त्या पद्धतीतच गृहीत आहे. अशा रोपांना आजच 'वृक्ष' म्हणून मोजणे ही आत्मवंचना होय.

निष्कर्ष :
रोप मरणे हा सर्वस्वी निष्काळजीपणाचा पुरावा नाही, तसेच रोप लावणे हा वनाचा पुरावा नाही. कोणती जात, किती उजेडात, किती अंतरावर लावली आणि काही वर्षांनंतर तिच्या खोडाचा घेर किती झाला, अशी नोंद ठेवली पाहिजे. जेथे जुन्या छताखाली रोपे आधीच वाट पाहत आहेत, तेथे नवी लागवड करण्यापेक्षा चराई व वणवा रोखणे अधिक फलदायी ठरेल.